एपर्नेला एकच दिवस आहे, आई-बाबांसाठी शॅम्पेन कशी निवडू?

पुणेरी_लेक:

नमस्कार मंडळी. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ऑफिसच्या कामासाठी पॅरिसला जाते आहे. शनिवार मोकळा मिळतोय आणि तो मला शॅम्पेन प्रांतातल्या एपर्ने गावी घालवायचा आहे. मे महिन्यात आई-बाबांच्या लग्नाला 30 वर्षं होतील. 1996 साली घाईघाईत लग्न झालं, जिलबी-मठ्ठ्याची एक पंगत उठली आणि संपलं. ह्या वेळी घरीच दहा-बारा माणसं बोलवून दोघांच्या हातात खऱ्या शॅम्पेनचा ग्लास द्यायचा, हे मी कधीपासून मनात धरून आहे.

बाबा अधूनमधून व्हिस्की घेतात. आईने आयुष्यात एकदाच, नाशिकच्या सहलीत, अर्धा ग्लास गोडसर वाइन घेतली होती आणि ती तिला आवडली होती. मला स्वतःला यातलं फारसं कळत नाही. दोन बाटल्यांचे मिळून 80-90 युरो खर्च करू शकते. नावाजलेल्या कंपनीचीच घ्यावी का? 1996 ची बाटली मिळते का? आणि मुख्य म्हणजे, दुकानात किंवा तळघरात चाखायला दिली तर मी नक्की काय बघायचं? मेन्यूत अळूवडी, सुरळीची वडी, मटण आणि शेवटी पुरणपोळी आहे.

ठाणेकर72:

साधा सल्ला देतो. येताना विमानतळावर मोठ्या नावाची बाटली घ्या. पाहुणे नाव ओळखतात, आई-बाबांना बरं वाटतं. अनोळखी गावची बाटली आणलीत तर तुम्हाला प्रत्येकाला समजावत बसावं लागेल.

रँसची_पिंपळगावकर:

मी मूळची पिंपळगाव बसवंतची. गेली नऊ वर्षं शॅम्पेनमधल्या रँस शहरात आहे. पहिली दोन वर्षं द्राक्षतोडणीला गेले, नंतरची सात एका वाइनच्या दुकानात काउंटरमागे. म्हणून सविस्तर लिहिते. लेकी, तुला अगं-तुगं केलेलं चालेल असं धरते.

आमची घरची चार एकर थॉमसन, म्हणजे खायची बिनबियांची द्राक्षं. खरड छाटणी, गोडी छाटणी, विरळणी, डिपिंग, बागेची ही कामं बघतच मोठी झाले. आमच्याकडे मण्याची जाडी आणि गोडी बघतात. ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, कमी भरला की व्यापारी घड हातातही धरत नाही. इथल्या पहिल्या तोडणीत मी एक मणी तोंडात टाकला. चण्यापेक्षा थोडा मोठा, साल जाड, आत बिया. आधी गोडी आली आणि तिच्यामागून असा आंबटपणा आला की जबडा आवळला. मला वाटलं, यांनी बाग आठ दिवस आधीच तोडायला घेतली. नंतर कळलं की ती वेळ बरोबर होती. शॅम्पेन उभी आहे ती या आंबटपणावर, आणि चाखताना तू सगळ्यात आधी त्यालाच शोधायचंस.

हे मला अवीज नावाच्या गावात एका आजींनी शिकवलं. फेब्रुवारी होता, तळघरात श्वासाची वाफ दिसत होती. शरदात आंबवलेली वाइन त्या वेळी टाकीत असते, तिच्यात बुडबुडे अजून आलेले नसतात. आजींनी टाकीच्या छोट्या तोटीतून ग्लासात दोन बोटं वाइन काढून दिली. नुसती शार्दोने, म्हणजे इथल्या पांढऱ्या द्राक्षांची. कोवळ्या कैरीची फोड मिठाशिवाय चावावी तशी. मी लगेच गिळून टाकली. त्यांनी पुन्हा ओतली आणि म्हणाल्या, आता तोंडात धर, मग गिळ आणि मोज. घोट गेल्यावर चव किती सेकंद रेंगाळते ते मोजायचं. इथे त्या एका सेकंदाला कोदाली म्हणतात. पहिल्या ग्लासाचे माझे चार झाले, दुसऱ्या टाकीच्या वाइनचे अकरा. दोन्ही एकाच गावच्या, एकाच वर्षाच्या, फक्त वावर वेगळं. त्या दिवसापासून मी ग्लास हातात आला की मनात मोजते. तूही तेच कर. शब्द सुचले नाहीत तरी चालतं, लिंबू म्हणू की सफरचंद म्हणू यात अडकू नकोस. आंबटपणा जिभेच्या कडांना बोचून तिथेच संपतो, की तोंडाला पाणी आणून पुढे चालत राहतो? एवढं लक्षात आलं की निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं साक्याचं. त्या आंबट वाइनमध्ये साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात आणि आडवी ठेवतात. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण होते, वायूला बाहेर जायला वाट नसते, म्हणून आत जवळजवळ सहा वातावरणांचा दाब तयार होतो, मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या दुपटीहून जास्त. यीस्ट मरून खाली बसतं, तो साका. साध्या शॅम्पेनला बाटलीत भरल्यापासून किमान 15 महिने थांबावं लागतं, त्यातले 12 साक्यावर. एकाच वर्षाच्या द्राक्षांची असेल आणि लेबलावर ते साल छापायचं असेल तर किमान 3 वर्षं. चांगले लोक याहून बरेच जास्त थांबतात. पावाचा, भाजलेल्या बदामाचा जो वास येतो तो या साक्यातून.

माझे बाबा माळकरी. तीन वर्षांपूर्वी इथे आले तेव्हा त्यांनी थेंबालाही स्पर्श केला नाही, आणि मीही आग्रह केला नाही. पण मी जुनी बाटली उघडली होती, तिचा ग्लास त्यांनी मागून घेतला, नाकाशी धरला, डोळे मिटले आणि म्हणाले, "भट्टीतून पाव काढल्यासारखा वास येतोय गं, आणि मागे आपल्या पॅकहाउसचा." पॅकहाउसचा म्हणजे थंड, ओल्या द्राक्षांच्या क्रेटचा. त्या एका ग्लासात काय काय आहे ते मला चार वर्षं दुकानात काढून इतकं नेमकं सांगता आलं नव्हतं.

आता तुझी खरेदी. पुढचं लेबल सोड, बाटली फिरव. मागे चार गोष्टी बघायच्या.

एक, कोपऱ्यात मुंगीएवढ्या टाइपात छापलेली दोन अक्षरं. आर.एम. असेल तर स्वतःच्या द्राक्षांची स्वतः वाइन करणारा शेतकरी. एन.एम. म्हणजे द्राक्षं विकत घेऊन वाइन करणारं घराणं, सगळी मोठी नावं यात येतात. सी.एम. म्हणजे सहकारी संस्था. सहकार आपल्याला काय समजावून सांगायचा! इथल्या काही सोसायट्या फार उत्तम काम करतात. आर.सी. दिसलं तर मात्र जाणून घे, तिथे शेतकरी द्राक्षं सोसायटीत घालतो आणि तयार बाटली आपल्या नावाने विकतो. वाईट असतेच असं नाही, पण हातची म्हणता येत नाही.

दोन, साखर. साका काढून टाकल्यावर शेवटी थोडी गोड वाइन घालतात, त्याला दोझाज म्हणतात. लिटरला 3 ग्रॅमच्या आत आणि वरून काही घातलेलं नसेल तर ब्रूट नात्यूर, 6 पर्यंत एक्स्ट्रा ब्रूट, 12 च्या आत ब्रूट. इथे खूप लोक फसतात: एक्स्ट्रा ड्राय ही ब्रूटपेक्षा गोड असते, 12 ते 17. दमी-सेक 32 ते 50. आकड्यांना घाबरू नकोस. 8 ग्रॅमवाल्या ब्रूटच्या एका ग्लासात साधारण एक ग्रॅम साखर जाते, चहाच्या चमच्याच्या पाव भागाएवढी.

तीन, साका काढल्याची तारीख. ही छापणं सक्तीचं नाही, पण जो छापतो तो लपवत नाही असं मी समजते. तुला उन्हाळ्यात पुण्यात उघडायची आहे, तर गेल्या सहा महिने ते दीड वर्षातली तारीख उत्तम.

चार, द्राक्षं. मुख्य तीन: काळी पिनो नवार, काळीच मीनिये आणि पांढरी शार्दोने. मीनिये म्हणजे पीठगिरणीवाला. तिच्या पानाची पाठ बघितलीस तर पीठ सांडल्यासारखी पांढरी लव दिसते. काळ्या द्राक्षांचाही रस पांढराच निघतो, कारण साल सोबत ठेवत नाहीत. 4,000 किलो द्राक्षांतून पहिला 2,050 लिटर रस सगळ्यात चांगला धरतात, पुढचा 500 लिटर दुय्यम, त्यापुढचा रस शॅम्पेनसाठी वापरायची परवानगीच नाही.

माझी स्वतःची आवड विचारशील तर एपर्नेच्या दक्षिणेकडच्या खडूच्या टेकड्यांवरची नुसती शार्दोने, साखर जवळजवळ शून्य. तो खडू स्पंजासारखा पाणी धरतो, एका घनमीटरमध्ये 300 ते 400 लिटर. आपल्या निफाडच्या काळ्या मातीत वाढलेल्या मला ती पांढरी जमीन बघून पहिल्यांदा वाटलं होतं की इथे काही उगवणार नाही. पण तुझ्या आईसाठी मी ही देणार नाही. पहिल्याच घोटाला तिचं तोंड आंबेल आणि ती पुन्हा ग्लास उचलणार नाही.

आईसाठी मीनिये जास्त असलेली ब्रूट घे, 7 ते 10 ग्रॅमची. मार्न नदीच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांकडे मिळते. फळ पुढे असतं, पेरू-नासपतीसारखं, आंबटपणा मऊ. बाबांसाठी ब्लां द नवार, म्हणजे फक्त काळ्या द्राक्षांची. व्हिस्की पिणाऱ्या माणसाला तोंडात भरीवपणा हवा असतो, तो पिनो नवारमध्ये आहे. एपर्नेच्या शेजारी एक गाव आहे, ग्राँ क्रू, म्हणजे सगळ्यात वरच्या, दर्जाच्या 17 गावांपैकी एक, पिनो नवारसाठी शतकानुशतकं प्रसिद्ध. त्याचा उच्चार चक्क "आई" असा आहे. तू ज्या कारणासाठी येते आहेस ते वाचल्यावर मला पहिल्यांदा तेच गाव आठवलं. शेतकऱ्याची चांगली बाटली 25 ते 40 युरोत येते, दोन्ही तुझ्या बजेटात बसतात.

1996 चा नाद सोड. वर्ष खरोखर नावाजलेलं आहे, त्या साली साखरही भरपूर होती आणि आंबटपणाही. पण आज त्या बाटल्या फार महाग आहेत, आणि मधली वर्षं त्या कुठे पडून होत्या याची खात्री हवी. शिवाय इतक्या जुन्या वाइनचा फेस बसत आलेला असतो, चव अक्रोड-सुक्या अंजिराकडे गेलेली असते. सवय नसलेल्याला ती उतरलेली वाटेल.

ठाणेकर, तुमचं म्हणणं मी दुकानात रोज ऐकते, आणि भेट देणाऱ्याला त्यात निश्चिंती असते हे मला मान्य आहे. मोठ्या घराण्यांचं कौशल्य खरंच मोठं आहे. शेकडो वावरांच्या, अनेक वर्षांच्या राखून ठेवलेल्या वाइन मिसळून दरवर्षी तीच चव आणणं सोपं नाही. पण ही मुलगी एक दिवस काढून तिथे जाते आहे. जिने ती वाइन केली तिच्या हातून बाटली घेऊन यावी आणि आई-बाबांना ते सांगावं, हे मला विमानतळावरच्या डब्यापेक्षा लाखमोलाचं वाटतं.

एक सावधगिरी. खिडकीत मांडलेली बाटली घेऊ नकोस, पारदर्शक काचेची तर मुळीच नको. पहिल्या वर्षी मी एका दुकानातून अशीच गुलाबी शॅम्पेन घेतली होती, महिन्याभराच्या पगारातून बाजूला काढलेल्या पैशांची. उन्हात राहिलेली. उघडल्यावर उकडलेल्या कोबीचा वास. उजेड लागला की असं होतं, आणि त्यावर उपाय नाही. मागच्या खोलीतून, खोक्यातली बाटली माग.

मुलुंड_ते_म्युनिक:

फार सुंदर लिहिलंत. एक पर्याय सुचवतो. फ्रान्सच्याच आल्सास प्रांतातली क्रेमाँ ही फेसाळ वाइन बघा. बाटलीतलीच दुसरी आंबवण, किमान नऊ महिने साक्यावर, आणि किंमत 10 ते 15 युरो. आम्ही दिवाळीला चिवडा-शेवेबरोबर तीच उघडतो. इटलीची प्रोसेको वेगळी, तिचे बुडबुडे बहुतेक वेळा मोठ्या टाकीत तयार करतात. ताजी, फळासारखी, पण पावाचा वास तिच्यात शोधू नका.

दिंडोरी_रोड:

दहा-बारा माणसांना दोन बाटल्या पुरतील का? एका बाटलीत सहा ग्लास. टोस्टपुरतं ठीक आहे. पुढच्या फेरीसाठी आमच्या दिंडोरीची शाँदाँ ही फेसाळ वाइन घ्या, तीही बाटलीत आंबवलेली. इथे तोडणी थंडीत असते, ते एक वेगळंच गणित आहे. जुन्या लोकांना नारायणगावच्या इंडेज कंपनीची ओमर खय्याम ही फेसाळ वाइनही आठवत असेल. 1980 च्या दशकात फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीने सुरू झालेली. माझ्या मामाच्या लग्नात ती उघडली होती तेव्हा मी सहावीत होतो, बुचाचा आवाज अजून कानात आहे.

पुणेरी_लेक:

ताई, मी तुमचं उत्तर आईसमोर मोठ्याने वाचून दाखवणार होते, मग आठवलं की हे तिच्यापासून लपवायचं आहे! तीन शंका. जेवणात कशाबरोबर द्यायची? ग्लास कोणते? आणि कस्टम्सला किती चालतात?

रँसची_पिंपळगावकर:

अळूवडीबरोबर दे, डोळे झाकून. तळलेला कुरकुरीतपणा, तीळ, थोडी चिंच, आणि त्यावर शॅम्पेनचा आंबटपणा. तेल धुऊन निघतं आणि पुढची वडी पुन्हा पहिल्यासारखी लागते. मी इथे कोथिंबीर वडी केली होती, आमच्या दुकानातली मंडळी बाटली विसरून वडीवर तुटून पडली होती. सुरळीची वडी मीनियेबरोबर छान. मटणाच्या रश्श्याबरोबर देऊ नकोस, तिखटाने बुडबुडे टोचतात आणि फळ मरतं. पुरणपोळीबरोबर ब्रूट कडवट लागेल. तिथे दमी-सेकच हवी, नाहीतर दूध-तूपच बरं.

ग्लास पोटाला जरा फुगीर आणि तोंडाशी निमुळता घे, साधा पांढऱ्या वाइनचाही चालतो. उंच नळीसारख्या ग्लासात बुडबुडे देखणे दिसतात, पण नाक आत जात नाही आणि वास हातचा जातो. पसरट बशीसारखा तर नकोच. ग्लास साबणाने धुतले असतील तर गरम पाण्याने पुन्हा खळखळ, साबणाचा अंश राहिला की फेस बसतो. 8 ते 10 अंशांवर दे. बर्फासारखी गार केलीस तर फक्त आंबट आणि टोचरी लागेल.

भारतात माणशी दोन लिटरपर्यंत दारू ड्यूटीशिवाय आणता येते. दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर, म्हणजे वर एक 375 मिलीची अर्धी बाटलीसुद्धा बसते. ती दमी-सेकची घे, पुरणपोळीची सोय झाली. मुलुंडकरांची क्रेमाँ मला फार आवडते, पण हिच्या हिशोबात तिला जागा नाही. उरलेल्या फेऱ्या दिंडोरीवर सोड. बाटल्या चेक-इनच्या बॅगेत जाड कपड्यांत मधोमध ठेव. भरलेली एक बाटली दीड किलोच्या पुढे जाते, वजन धरून चाल.

पॅरिसच्या गार द लेस्त स्टेशनहून एपर्नेला थेट गाडी आहे, सव्वा तासाच्या आसपास लागतो. आधी फोन करून वेळ घे, शेतकरी दारात वाट बघत बसलेले नसतात. एप्रिलमध्ये वेलींना कोवळे कोंब फुटलेले असतात आणि रात्री हिमकण पडायची भीती असते. कोणी रात्रभर बागेत मेणाचे डबे पेटवून जागलेला असेल तर त्याचा चेहरा बघूनच कळेल, त्याला आधी ते विचार.

पुणेरी_लेक:

परत आले! एपर्नेहून त्या "आई" नावाच्या गावापर्यंत कालव्याच्या कडेने चालत गेले, तासभर लागला. तिथे एका काकूंनी चार वाइन चाखायला दिल्या, कमी साखरेपासून जास्त साखरेकडे. मी मोजत होते. पहिलीचे पाच, दुसरीचे सहा, तिसरी ब्लां द नवार होती तिचे बारा. काकूंनी बोटांवर मोजताना बघितलं आणि हसून विचारलं, कोणी शिकवलं? मी म्हटलं, आमच्या नाशिकच्या ताईंनी. त्यांची बाग त्या आदल्या आठवड्यात दोन रात्री हिमातून थोडक्यात वाचली होती. मीनियेची बाटली नदीकाठच्या पुढच्या गावच्या शेतकऱ्याची, तीही काकूंनीच शेजारच्या दुकानात शोधून दिली. मागे 8 ग्रॅम, आर.एम. आणि साका काढल्याची तारीख गेल्या नोव्हेंबरची. अर्धी दमी-सेकही मिळाली. सगळं मिळून 84 युरो.

आता बाटल्या पुण्यात आहेत आणि बाहेर 39 अंश. कुठे ठेवू?

रँसची_पिंपळगावकर:

बारा! वाचून अंगावर काटा आला गं.

कपाटात नको. फ्रिजमध्ये सगळ्यात खालच्या कप्प्यात आडव्या ठेव, भाजीच्या पिशव्यांमागे, वर एक टॉवेल टाक. दारात ठेवू नकोस, उघड-झाप आणि हादरे लागतात. तीन-चार आठवडे काही होत नाही. उघडायच्या दहा मिनिटं आधी बाहेर काढ. कागद सोल, तार सहा अर्ध्या वेढ्यांनी सुटते, पण बुचावरचा अंगठा काढायचा नाही. बाटली तिरकी धर, बूच घट्ट पकड आणि फिरव ती बाटली, बूच नव्हे. आवाज मोठा येऊ देऊ नकोस, हलकासा सुस्कारा येईल. पहिला ग्लास दोन बोटं ओत, फेस खाली बसू दे, मग भर. आणि मीनियेची आधी उघड, आईच्या हातात दे.